मोठीमायचा ओटा

मोठीमायच्या स्वयंपाकघरात जायचं तर उंबऱ्यावर थांबून आधी आपलं नाव सांगावं लागे. न सांगता पाय आत टाकला तर ती सांडशी उगारून विचारी, "कोन हाय? तोंड नाई का?" मी चांदूर रेल्वेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि तिच्या मुलाच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच संध्याकाळी प्यायचं पाणी मागायला गुपचूप आत गेले, तर ती सांडशी माझ्या नाकासमोर आली. मी घाबरून नाव, आडनाव, गाव, शिकवायचा विषय असं सगळं सांगून टाकलं. तशी ती म्हणाली, "एवढं नोको सांगू. नुसतं नाव सांगत जाय. इस्तवाजवय कोन उभं हाय ते मले माईत पाह्यजे."

मी साताऱ्याकडची. पहिला महिनाभर मला वाटायचं, या घरात अष्टौप्रहर भांडण चालू असतं. पुढे कळलं की ही माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत असतात. मोठीमायचं तर प्रेमसुद्धा दटावणीतूनच यायचं. मला ताप आला तेव्हा जिना चढून वर आली, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "मरशीन अशानं. जेवत नाई न धड." मग रव्याची गरम सोजी पाठवून दिली.

घराची रचना सांगायला हवी. रस्त्याच्या बाजूला प्रकाशभाऊंचं, म्हणजे मोठीमायच्या मुलाचं, कृषी केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दुकानाच्या पाठीमागे, मध्ये फक्त एक दार, की लगेच स्वयंपाकघर. गल्ला सोडून चार पावलं आत आलं की प्रकाशभाऊंना गरम भाकरी मिळे. त्या दाराचा त्यांना फार अभिमान होता. मात्र त्याच दारातून औषधांचा वास आत येई आणि घरभर राही. माझं पहिले काही दिवस डोकं धरायचं. घरच्यांना विचारलं, तर सगळ्यांनी हवेत नाक वर केलं आणि म्हणाले, "कसचा वास?"

मोठीमायचा एक डोळा काचबिंदूनं नेला होता. दुसऱ्यात, तिच्या शब्दांत, ताक पसरलं होतं. उजेड कळे, समोरचं माणूस हललेलं कळे, पांढरं आणि काळं यातला फरक कळे. बाकी सगळं हातानं आणि कानानं. असं असूनही घरचा स्वयंपाक तीच करायची. सून मंदावहिनी भाजी निवडणं, धुणं, भांडी, दुकानात पुड्या बांधणं हे सगळं करी, पण ओट्यापाशी तिला फक्त बोलावलं तर यायची मुभा होती. नऊवारीचा पदर मोठीमाय कमरेला असा घट्ट खोचायची की वाऱ्याची झुळूक आली तरी टोक उडू नये. मंदावहिनी एकदा नायलॉनची साडी नेसून शेगडीजवळ आली, तर तिला कापड बदलून यायला लावलं होतं. "सुती नेस. नायलॉन अंगाले चिकटते," एवढंच बोलली, पण पुन्हा ती साडी त्या खोलीत दिसली नाही.

तेल तापलं की नाही हे ती मोहरीचा एक दाणा टाकून कानानं ठरवी. भाकरी तव्यावर फुगली की वासावरून उलटवी. कुकरच्या शिट्ट्या मात्र तिला आवडत नसत. म्हणायची, "तो वरडते तं मले बाकीचं आयकू येत नाई." हात भाजायचे. मनगटावर, बोटांवर लहान लहान काळे डाग कायमचे असत. त्याबद्दल कोणी बोललं तर ती हात पदराखाली घेई.

तिची लेक सुलूताई अकोल्याला, जठारपेठेत राहायची. आईच्या हातावरचे डाग पाहून तिचा जीव खालीवर व्हायचा. ती महिन्या-दोन महिन्यांनी पॅसेंजरनं यायची आणि येताना पिशवीभर वस्तू आणायची. दुधाच्या पातेल्यात टाकायची जाड काचेची चकती, दूध उकळायला लागलं की ती खडखड वाजते. ठरवलेल्या वेळी घंटी देणारं लहानसं घड्याळ. दोरी ओढली की कांदा चिरणारं यंत्र. काडेपेटीऐवजी लायटर. शेगडीभोवती बसवायचं पत्र्याचं कडं, म्हणजे पातेल्याला धक्का लागला तरी ते कलंडू नये. गॅसच्या बटणावर चिकटवायचा रबरी ठिपका, म्हणजे बटण कुठवर फिरलं ते बोटाला कळावं. सुलूताई एकेक वस्तू काढून समजावून सांगायची आणि मोठीमाय दोन्ही हात मांडीवर ठेवून शांतपणे ऐकायची. तिचं शांतपणे ऐकणं म्हणजे नकार, हे सुलूताईला कधीच कळलं नाही.

सुलूताईची पाठ वळली की वस्तूंना दुसरी कामं लागत. काचेची चकती कॉटच्या डुगडुगत्या पायाखाली गेली. घंटीचं घड्याळ नात गुड्डीच्या अभ्यासाच्या टेबलावर. लायटरनं प्रकाशभाऊ दुकानात उदबत्ती लावू लागले. कांद्याच्या यंत्रात मंदावहिनीनं गुंड्या आणि सुया ठेवल्या. पत्र्याच्या कड्यात तर मी एकदा तुळशीचं रोप पाहिलं.

पुढच्या खेपेला सुलूताईनं हे पाहिलं आणि ती रडकुंडीला आली.

"आई, तुह्या हाताची चाळणी झाली न वं. दिसत नाई तुले, मानत काहून नाई?"

"भाजला तं माहा हात भाजला. तुहा भाजला का?"

"मंग चाल माह्यासंगं अकोल्याले. बसून राह्य."

"बसून काय करू? टीव्ही पाहू?"

यावर सुलूताईलासुद्धा हसू आलं, आणि मोठीमाय जिंकली. ती नेहमी असंच जिंकायची. समोरच्याला हसवायचं आणि तेवढ्यात आपली भाकरी तव्यावर टाकायची.

तिच्या या हट्टामागे खरा भरवसा होता तो कानाचा. आमच्याकडे भुलाबाई नसते, म्हणून मला हा प्रकार तिथेच कळला. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी त्या घरचा खाऊ ओळखतात. खाऊचा डबा झाकलेला असतो. तो फक्त हलवून दाखवायचा, बाकीच्यांनी आवाजावरून नाव सांगायचं. मोठीमाय म्हणे लहानपणी माहेरी, वलगावात, एकाही घरी हरली नव्हती. म्हातारपणीही मुली तिला हरवायला यायच्या. डब्यात चिंध्या कोंबायच्या, आत दुसरा डबा ठेवायच्या. ती कान तिरका करून ऐके आणि म्हणे, "चिंधी गुंडायली न वं? मुरमुरे हाय. आन थोडेसे दाने." मुली किंचाळत, डबा उघडला की मुरमुरे आणि दाणेच निघत. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबेही ती असेच हलवून ओळखायची. तूर डाळ, मूग, साखर, रवा. मी तिची परीक्षा घ्यायचा प्रयत्न केला आणि दरवेळी तोंडावर पडले. त्यामुळे तिला दिसत नाही हे हळूहळू आम्ही सगळेच विसरून गेलो.

ती वर्षं कशी होती ते आता सांगितलं तर कोणाला खरं वाटेल न वाटेल. पेपर उघडला की अमरावती जिल्ह्याचं नाव, आणि नावाखाली शेतकऱ्यांनी आत्महत्या केलेल्या गावांची नावं. वर्गात मुंडन केलेलं डोकं दिसलं की मी हजेरी घेताना पुढचं नाव उच्चारायचे, काही विचारायचे नाही. बाजारात कोणाच्या दारात जीप थांबली, कोणाला उलट्या झाल्या, कोणाला दवाखान्यात नेलं, की लोकांच्या तोंडी एकच वाक्य यायचं. औषध घेतलं. दुसरं काही कारण असू शकतं हे लोक विसरून गेले होते.

कोजागिरी होऊन गेल्यावरची चतुर्थी रविवारी आली. मंदावहिनीचा उपास. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या आठवड्यात बियाण्याची एक पिशवी उंदरांनी कुरतडली होती. सांडलेलं बियाणं प्रकाशभाऊंनी गोळा केलं आणि हाताशी आलेल्या रिकाम्या डब्यात भरलं. तो डबा स्वयंपाकघराचा होता. दुकानात गर्दी, ठेवायला जागा नाही, म्हणून त्यांनी चार पावलं आत येऊन तो फळीवर ठेवला. दोन दिवसांनी उचलू म्हणाले आणि विसरले. पेरायच्या हरभऱ्याला बुरशी लागू नये म्हणून औषध चोळलेलं असतं, आणि खाण्याच्या दाण्यापेक्षा वेगळा कळावा म्हणून त्याला गडद गुलाबी रंग दिलेला असतो. डोळे असलेल्या माणसासाठी ती खूण.

मोठीमायनं शनिवारी रात्री डबा हलवला. हरभरा. भिजत घातला. सकाळी पाणी मोरीत ओतलं, कुकरला लावला, लसूण-मिरचीची फोडणी देऊन उसळ केली, उरलासुरला रंग तिखटात झाकला गेला. वास आला असेल, पण त्या घरात तो वास रोजचाच होता.

त्या घरात बायका मागून जेवत. तिची सासू तशी जेवली, ती तशी जेवली. आधी प्रकाशभाऊ आणि गुड्डी पानावर बसले. रविवारी मला वर एक वाटी यायचीच, तशी ती आली. मी न्हाऊन गच्चीवर केस वाळवत होते, म्हणून झाकून ठेवली. केस वाळायच्या आत खालून मंदावहिनीचा आवाज ऐकू आला. मी जिन्यावरून पाहिलं तर गुड्डी अंगणात ओणवी होऊन ओकत होती आणि प्रकाशभाऊ भिंतीला धरून उभे होते, चेहरा पांढरा फटक. मंदावहिनी मोरीकडे बोट दाखवत होती. मोरीच्या कडेला गुलाबी रेघ उमटली होती.

शेजारचे हमीदभाई, त्यांचं तेलाचं दुकान, टेम्पो घेऊन आले. "भाभी, घबराव मत. टाका मागं दोघायले, अमरावतीले पोचवतो," असं म्हणाले आणि खरंच पोचवलं. मोठीमाय टेम्पोत बसायला निघाली, तर हमीदभाईंनी तिला हाताला धरून परत घरात आणलं. ती ओट्यापाशी उभी राहिली ती रात्रीपर्यंत तिथेच. मी शेजारी होते. ती एकदाच बोलली. "मी जेवलीच नाई न वं अजून. मले काहीच झालं नाई."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणी घेतलं? का घेतलं?" प्रकाशभाऊ उलट्यांमधून सांगत होते की हरभरा खाल्ला, पण ते ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. औषधाच्या दुकानाचा मालक, सोबत लहान मुलगी, बायको उपाशी. लोकांनी गोष्ट जुळवून टाकली होती. दुसऱ्या दिवशी एक हवालदार घरी चौकशीला आला. मंदावहिनीला त्यानं विचारलं, घरात भांडण झालं होतं का. मोठीमाय पुढे होऊन म्हणाली, "म्या रांधलं. भांडन नाई न काही नाई. म्या रांधलं ते त्यायनं खाल्लं." हवालदारानं माझ्या खोलीतली झाकलेली वाटी पुराव्यासाठी नेली. ती वाटी पुढे कधी परत आली नाही.

दोघंही वाचली. सलाइन लावलं, चार-पाच दिवस तिथे ठेवलं, आणि घरी पाठवलं. गुड्डी आठवड्याभरात शाळेतही आली. पण बाजारात प्रकाशभाऊंची पंचाईत झाली. येईल तो माणूस तोंड पाडून येई, खांद्यावर हात ठेवी आणि म्हणे, "भाऊ, असं कराचं नाई. आमी हाओत न." मग त्यांना खुलासा करावा लागे. त्यांनी हसत हसत सांगायची एक पद्धत बसवली. "अरे काही घेतलंबितलं नाई. आईले दिसत नाई न, तिनं बियान्याचीच उसय करून टाकली." गिऱ्हाईक हसे, प्रकाशभाऊ हसत, व्यवहार पुढे चाले. आणि दार उघडंच असायचं. दिवसातून कितीदा तरी ते वाक्य त्या दारातून आत यायचं. आत मोठीमाय बसलेली असायची.

ओटा तिच्याकडून काढून घेतला होता. कोणी भांडून काढला नाही. प्रकाशभाऊ घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आई, आता आराम कर." मंदावहिनी भाकरी थापू लागली. तिच्या भाकरीला काठ फुटायचे. तिलाही ते ठाऊक होतं, आणि ती मोठीमायकडे न बघता थापायची. मोठीमाय मागच्या पायरीवर बसून राहायची. लोक स्वयंपाकघरात नाव न सांगता जायला यायला लागले. मीही एकदा तशीच गेले. तिनं मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं. पहिल्या दिवशीची ती सांडशी हवीशी वाटली.

दिवाळी झाल्यावर सुलूताई आली. ती या वेळी आईला न्यायलाच आली होती, बॅग भरायची तयारी करून. मोठीमाय तिला म्हणाली, "बॅग राहू दे. मांगं आनलेल्या तुह्या वस्तू कोठी कोठी गेल्या त्या हुडक."

आणि मग त्या घरात एक शोधमोहीम झाली. कॉटच्या पायाखालून चकती निघाली. गुंड्या ओतून यंत्र मोकळं झालं. तुळस पुन्हा डब्यात गेली आणि पत्र्याचं कडं घासून शेगडीवर बसलं. दुपारी सगळे झोपले की मोठीमाय सुलूताईला घेऊन ओट्यापाशी उभी राही. गॅस बंद, पातेल्यात नुसतं पाणी. रबरी ठिपका बोटानं चाचपून बटण फिरवायची. घंटीचं घड्याळ लावायची. चकती पातेल्यात टाकून चमच्यानं हलवून तिचा आवाज ओळखीचा करून घ्यायची. लायटरचा पहिला खटका वाजला तेव्हा ती दचकली आणि शिवी दिली. मी उंबऱ्यापाशी उभी राहून पाहत असे. शाळेत नापास झालेली मुलं मेमध्ये अभ्यासाला बसतात, तशी ती दिसायची.

डब्यांचं काय करायचं हे तिनं स्वतः ठरवलं. फळीवरचे सगळे डबे खाली उतरवले आणि मंदावहिनीला सांगितलं की हे दुकानात ने, भंगारात घाल, काहीही कर. त्यांच्या जागी रुंद तोंडाच्या नव्या बरण्या. प्रत्येकीच्या गळ्याला जाड दोरा आणि दोऱ्याला गाठी, मिठाला एक, साखरेला दोन, असं पुढे. बरणी तीच भरणार आणि गाठ तीच मारणार. मी विचारलं, हलवून ओळखता येतं तर गाठी कशाला? ती बराच वेळ दोरा वळत राहिली.

"हालवून सांगतो म्हने. मोठी शायनी," ती म्हणाली. "जहर काय वाजते का?"

मग एका रात्री जेवणं झाल्यावर तिनं विषय काढला. प्रकाशभाऊ हात धूत होते, सुलूताई आणि मी भांडी गोळा करत होतो.

"उद्यापासून मी रांधतो," मोठीमाय म्हणाली. "हे सामान हाय. हे मी शिकली. सुलीनं पाह्यलं."

प्रकाशभाऊंनी हात पुसले. मग म्हणाले, "आई, गुड्डी मरता मरता वाचली."

"माईत हाय. मलेच जास्त माईत हाय. म्हूनच सांगून राहिली. पन एक काम तुले करा लागते. तो दरवाजा बुजव."

"कोनता?"

"दुकानाचा. दुकानातलं काहीच घरात याले नाई पाह्यजे. डबा नाई, चिमटी नाई, पिशवी नाई."

"अवो, मंग मी जेवाले येऊ कसा? गल्लीतून फिरून या लागीन! पावसापान्याचं?"

"ये फिरून."

प्रकाशभाऊंना राग आला. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना राग लवकर यायचा. "चूक तुही झाली अन् दरवाजा माहा बुजवू?"

मोठीमाय उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "माहे डोये गेले हे तू साऱ्या बाजाराले सांगतलं. मी अथी बसून आयकलं. रोज आयकलं. तो डबा फईवर कोनं ठेवला हे सांगतलं का एखाद्याले?"

 सुलूताईनं पदर तोंडाला लावला. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण जाता येत नव्हतं, कारण हातात खरकटी ताटं होती. शेवटी मंदावहिनी, जी त्या घरात नवऱ्यासमोर सहसा बोलायची नाही, ओट्याकडे पाहत म्हणाली, "बुजवा."

आठवड्यानं गवंडी आला. विटा लागल्या, वर गिलावा झाला, आणि त्यावर चुना. प्रकाशभाऊ जेवायला गल्लीतून फिरून यायला लागले. सुरुवातीला फार कुरकुर केली, मग सवय झाली. काही दिवसांत मला एक गोष्ट जाणवली. स्वयंपाकघरात लसणाचा वास यायला लागला होता. म्हणजे तो आधीही असणारच, पण आता तो नाकाला कळत होता. सुलूताई एकटीच अकोल्याला परत गेली. जाताना तिच्या पिशवीत भाकऱ्या होत्या, काठ न फुटलेल्या.

पुढे माझी बदली अमरावतीला झाली. पत्रं लिहिण्यातली ती माणसं नव्हेत. कधी हमीदभाई टेम्पो घेऊन अमरावतीला आले की भेटायचे आणि बातमी सांगायचे. मोठीमायचा दुसरा डोळा गेला. आता उजेडही कळत नाही. "पर रोटी वही बनाती," ते म्हणायचे, "और मेरेको भी गाली देती. नाम नही बोला तो."

मग काही वर्षांनी जुन्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या निरोपसमारंभाला मी चांदूरला गेले. समारंभ संध्याकाळी होता. दुपारच्या गाडीनं उतरले आणि सरळ त्यांच्याकडे गेले. दुकानात मंदावहिनी होती, जाड झाली होती, आता गल्ल्यावर बसायची. तिला आनंद झाला. जेवूनच जा म्हणाली. मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "सासूबाईची तऱ्हा पाह्यसान आता. आमच्या आंधी जेवते. लोकं हासतात, म्हनतात बुढी म्हातारपनी हावरी झाली. मी काही बोलत नाई."

मी गल्लीतून फिरून गेले आणि उंबऱ्यावर थांबून नाव सांगितलं. मोठीमाय ओट्याशी होती. बारीक झाली होती. डोळे उघडे, पण कुठेच बघत नव्हते. "आली का वं मास्तरीन," ती म्हणाली. "बस. वांगे केले. जेवाले आलीच हायस तं जेव." भाकरी तव्यावर होती. तिनं ती उलटवली आणि माझ्या शाळेची, मुलांची, आईची चौकशी केली. तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. जुने डाग होते, नवे दिसले नाहीत.

प्रकाशभाऊ आले, गुड्डी आली. गुड्डी आता नववीत होती, मला नमस्कार केला. तिघांची ताटं मांडली. वाढून झालं. मी भाकरीला हात लावणार, तेवढ्यात गुड्डीनं हळूच माझं मनगट धरलं आणि मान हलवली. प्रकाशभाऊंनी समोर ताट ठेवलं होतं, पण तेही हात बांधून बसले होते.

मोठीमायनं आपली वाटी घेतली. वांग्याच्या भाजीतला एक चमचा, वरणाचा एक चमचा, चटणीची बोटभर चिमूट. भाकरीचा तुकडा मोडला, त्यात सगळं घेतलं आणि घास तोंडात घातला. सावकाश चावला. दुसरा घास घेतला. वाटी खाली ठेवली. मग ती ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली आणि पोटावर हात ठेवला.

आम्ही बसून राहिलो. भाजीवरची वाफ विरायला लागली. बाहेर दुकानात कोणी तरी प्रकाशभाऊंना हाक मारली, ते हलले नाहीत.

"आई, होऊन गेलं आता," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "दरवाजा बुजवला, डबे फेकले. गाठी हायत."

"गाठी मीच मारतो न," मोठीमाय म्हणाली. "माही गाठ चुकली तं?" मग माझ्याकडे तोंड वळवून, मी कुठे बसले आहे हे तिला बरोबर ठाऊक होतं, म्हणाली, "त्या रोजी मी मांगून जेवाले बसत होती. पयले जेवली असती तं मलेच झालं असतं. लेकराले कायले झालं असतं?"

 या बाईवर मी मनापासून प्रेम करत होते, आणि हे तिला एकदाही सांगितलं नव्हतं, हे मला तिथे, त्या ताटासमोर, कळलं. पण तेव्हाही सांगितलं नाही. तिला ते आवडलं नसतं.

काही वेळानं ती म्हणाली, "जेवा आता."

प्रकाशभाऊंनी घास घेतला, गुड्डीनं घेतला, मीही घेतला. भाजी निवली होती, पण चांगली झाली होती. आम्ही जेवत होतो, गुड्डी परीक्षेचं काहीबाही सांगत होती. मोठीमाय तिथेच बसली होती, कान आमच्या ताटांकडे, आणि हात अजून पोटावर.